संस्थेत ठेवण्याआधी माणसाला विचारले का?

गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या माधवनगरच्या वस्तीतला एक जण नव्हता. दरवर्षी निळा झेंडा धरून सर्वात पुढे तोच असायचा. वय ३४. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू का, हे त्याला विचारायचे राहून गेले. त्याला अक्षर येत नाही, पैशांचा हिशोब येत नाही. पण स्टेशनवरून कोणती गाडी गेली हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. शेजारच्या आजीचे पाणी भरायचा. विहारात वंदनेआधी सतरंजी अंथरायचे काम त्याचे. दुसऱ्या कोणी अंथरली तर तो ती गुंडाळून पुन्हा नीट अंथरायचा.

त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिले आहे : बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के.

त्याच्या आईने, जिला सारी वस्ती मावशी म्हणते, हयातभर यंत्रमागावर कांड्या भरल्या. नवरा लवकर गेला. दोन वर्षांपूर्वी मावशी मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत कंत्राटी कामाला, भाड्याच्या एका खोलीत चौघे. मावशी अंथरुणावर पडल्या पडल्या आम्हाला म्हणाल्या, "पोरांनो, माझ्या मागं ह्याचं काय व्हायचं रं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. कोणीतरी पत्ता दिला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत त्याला ठेवण्यात आले.

ठेवताना काय मागितले? आधार कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, चार फोटो, रक्त तपासणी, अनामत रक्कम आणि भावाची सही. तो काय खातो, कशाला घाबरतो, रात्री दिवा लागतो की नाही, त्याला काय काय काम जमते, घरी ठेवायला कुटुंबाला कोणती मदत लागेल, यातले काहीही कोणी विचारले नाही. आणि त्याला स्वतःला तर कोणी काहीच विचारले नाही. गाडीत बसवताना त्याला सांगितले होते की फिरायला जायचे आहे.

आठ महिन्यांनी आम्ही तिघे त्याला भेटायला गेलो. डोके भादरलेले, डोळे जड. आम्हाला त्याने ओळखले. पहिला प्रश्न केला, "अण्णा, गाडी गेली का?" त्याला रोज कोणती गोळी देतात, ती कोणी लिहून दिली, कशासाठी, हे तिथल्या कर्मचाऱ्याला सांगता आले नाही. "शांत राहतो," एवढेच तो म्हणाला.

आता मावशींचे हाड जुळले आहे. काठी घेऊन त्या दुकानापर्यंत जातात, स्वयंपाक करतात. ज्या कारणासाठी त्याला संस्थेत ठेवले ते कारण संपले आहे. तरीही तो तिथेच आहे. कारण त्याला अजून तिथे राहण्याची गरज आहे का, हे विचारण्याची जबाबदारी या जिल्ह्यात, या राज्यात, या देशात कोणावरच नाही.

मित्रांनो, हा लेख या एका प्रश्नासाठी आहे.

टक्के कशाचे मोजले?

आपल्याकडे मूल्यमापन होत नाही असे नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या शिबिरात रांगा लावून होते. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक चाचणी होते आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरली जाते. तिचा गुणांक ३६ ते ५४ आला की मध्यम, म्हणजे ७५ टक्के. २१ ते ३५ आला की तीव्र, ९० टक्के. २० च्या खाली अतितीव्र, १०० टक्के. ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, ५० टक्के.

ही श्रेणी आली कुठून? अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाच्या गावी अशा मुलांची एक मोठी निवासी संस्था होती. तिथे एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ती तयार केली. तिचे भारतीय रूप आपल्या नागपुरात डॉ. ए. जे. मॅलिन यांनी केले. तिच्यात ८९ बाबी आहेत : स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, एकटा शेजारी जातो का, अशा. आणि या बाबींची उत्तरे द्यायची असतात आईबापांनी किंवा सांभाळणाऱ्याने. ज्याचे मोजमाप चालू आहे त्याला प्रश्न विचारण्याची गरजच या पद्धतीत नाही.

सवलतीसाठी, पेन्शनसाठी, बसच्या पाससाठी अशी टक्केवारी लागते हे आम्हाला मान्य आहे. ते प्रमाणपत्र प्रत्येकाने काढलेच पाहिजे. पण माणसाला काय येत नाही याचा तो आकडा आहे. त्याला जगायला काय लागते, हे त्यातून कळत नाही. ७५ टक्के लिहिलेल्या दोन माणसांपैकी एकाला सकाळ-संध्याकाळ कोणीतरी डोकावून गेले तरी पुरते. दुसऱ्याला चोवीस तास माणूस लागतो. आकडा दोघांचा एकच.

त्यात जातीचा आणि वर्गाचा प्रश्न वेगळाच. ऊसतोडीला आईबापांबरोबर फिरलेले, शाळेत सहा महिने बसलेले पोर परीक्षकापुढे प्रमाण भाषेतल्या प्रश्नाला गप्प बसले, तर ते मंद आहे की घाबरले आहे की त्याने तो शब्दच कधी ऐकला नाही, हे कोण ठरवणार? हा आमचा संशयी स्वभाव नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना बुद्ध्यांक चाचणीच्या जोरावर 'मतिमंद' वर्गात ढकलले जात होते. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये लॅरी पी. खटल्यात न्यायालयाने त्या चाचण्या काळ्या मुलांवर अन्याय करणाऱ्या ठरवल्या. आपल्याकडे असा खटला उभा करण्याइतका विचारही अजून झालेला नाही.

आणि शिक्का मारून कुंपणात ठेवण्याची पद्धत आपल्याला नवी आहे का? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मावरून माणसांची नोंद केली आणि सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेआड त्यांना ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसे विमुक्त झाली. तिथे कोणत्याही माणसाला वर्षातून एकदा विचारले जात नव्हते की तू इथे का आहेस. कारण त्याच्याविषयीचा निकाल त्याच्या जन्माआधीच लागलेला होता.

कायद्यातले भोक

कायदे नाहीत का? आहेत, आणि चांगले आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ सांगते की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि विशिष्ट प्रकारच्या निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कलम ३८ मध्ये ज्यांना जास्त मदतीची गरज आहे त्यांनी अर्ज करावा आणि मूल्यांकन मंडळाने त्यांची गरज तपासावी अशी तरतूद आहे. कलम ५० नुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ मध्येच शिक्कामोर्तब केले आहे.

आता भोक कुठे आहे ते पाहा. मानसिक आजार असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय रुग्णालयात दाखल करायचे असेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आडवा येतो. अशा दाखल्याला पहिल्यांदा ३० दिवसांची मर्यादा आहे, त्यापुढे पुनर्विलोकन मंडळाकडे जावे लागते, रुग्णाला दाद मागता येते. ही व्यवस्था प्रत्यक्षात किती चालते हा वेगळा विषय. पण कागदावर तरी ती आहे. मात्र याच कायद्याच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नाही, हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. परिणाम मात्र असा झाला की आजारी माणसाला मंडळ मिळाले आणि आमच्या मिरवणुकीतल्या या भावाला काहीच मिळाले नाही.

बालक असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली बालकल्याण समिती असते, सामाजिक चौकशी अहवाल असतो, प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करावी लागते. अठरा वर्षे पूर्ण झाली की हे सगळे विरत जाते. बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ माणूस घरच्यांच्या सहीने संस्थेत गेला की त्याची वैयक्तिक तपासणी करणारे कोणीही उरत नाही. संस्थेची नोंदणी तपासली जाईल, इमारत तपासली जाईल, हजेरीपट आणि अनुदान तपासले जाईल. माणूस तपासला जात नाही.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ तर डोळे उघडणारा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशोब द्यायचा, असे कलम १६ सांगते. म्हणजे त्याच्या वाट्याच्या दोन गुंठ्यांचा हिशोब दरवर्षी द्यायचा. तो स्वतः कसा आहे, कुठे आहे, त्याला तिथे राहायचे आहे का, याचा वार्षिक हिशोब मात्र कायद्याने मागितलेला नाही. मालमत्ता असलेल्यांच्या डोक्याने कायदे लिहिले की असेच होते.

न विचारण्याची किंमत

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे, आणि ती मुलींनी जास्त मोजली आहे. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण काय दिले? मासिक पाळीतली स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य चळवळीतल्या लोकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्या अंगावर सुरी चालली त्यांना विचारले गेले नव्हते. आणि पाळीच्या काळात त्यांना शिकवायला, मदत करायला किती बायका कामावर लागतील, हा प्रश्नही आधी कोणी विचारला नव्हता. माणूसबळाचा खर्च वाचवण्यासाठी अवयव काढला, असा त्याचा सरळ अर्थ.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील कवडासच्या मतिमंद मुलांच्या आश्रमातल्या कुपोषणाच्या आणि अत्याचाराच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्यातल्या अशा बालगृहांची पाहणी झाली. नंतरच्याच काळात पनवेल परिसरातल्या एका संस्थेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि २०१३ मध्ये संस्थाचालकाला न्यायालयाने दोषी ठरवले. बाहेरच्या कोणीतरी येऊन प्रत्येक मुलीशी एकटीशी बोलायचे, असा वर्षाला एक दिवस जरी ठरलेला असता, तर हे इतके दिवस झाकून राहिले असते का?

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगडचे प्रकरण आले. शासकीय निवासगृहात राहणारी एक अनाथ तरुणी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली, तिथेच बलात्कार होऊन गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने आदेश थांबवला आणि सांगितले की ती प्रौढ आहे, मानसिक आजारी नाही, तिच्या संमतीशिवाय हे करता येणार नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन एका बाईला सिद्ध करावे लागले की तिला स्वतःचे मत आहे.

लोइस कर्टिसचा प्रश्न

१९७२ मध्ये आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मग त्याच देशातली लोइस कर्टिस आपल्याला ठाऊक असायला हवी. जॉर्जिया राज्यातली ही काळी बाई. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार दोन्ही. लहान वयापासून संस्थांच्या आत-बाहेर. तिच्यावर उपचार करणारे तज्ज्ञच म्हणत होते की ती बाहेर समाजात राहू शकते. तरी तिला ठेवून घेतले जात होते. ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांना सारखे विचारायची, मी इथून कधी बाहेर पडणार? त्या प्रश्नातून ओल्मस्टेड खटला उभा राहिला. २२ जून १९९९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गरज नसताना दिव्यांग माणसाला संस्थेत अडकवून ठेवणे हा भेदभाव आहे. लोइस बाहेर आली, चित्रकार झाली, २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना तिने आपले चित्र भेट दिले. २०२२ मध्ये ती वारली, संस्थेत नाही, आपल्या घरी राहणारी बाई म्हणून.

त्याच देशात १९८७ च्या कायद्याने आणखी एक नियम आला. सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये कोणालाही दाखल करण्याआधी त्याला बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता अथवा गंभीर मानसिक आजार आहे का हे पाहायचे. असेल तर सविस्तर मूल्यमापन करायचे आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहायची. याला खरोखर नर्सिंग होमचीच गरज आहे का? आणि तिथे राहिलाच तर याला वेगळ्या कोणत्या सेवा द्याव्या लागतील? विकासात्मक अक्षमतेबाबतचा हा निर्णय त्या नर्सिंग होमने स्वतः करायचा नाही, राज्याच्या यंत्रणेने करायचा. मूल्यमापन त्या माणसाच्या भाषेला, संस्कृतीला आणि बोलण्याच्या पद्धतीला धरून करायचे. निर्णय त्याला कळवायचा, अपील करू द्यायचे. राहात असताना प्रकृतीत मोठा बदल झाला की पुन्हा तपासायचे.

अमेरिका आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथेही आधी दरवर्षीची तपासणी बंधनकारक होती, ती १९९६ मध्ये काढून टाकली. अनेकदा हे काम नुसते फॉर्म भरण्यापुरते उरते अशी टीका तिथलेच कार्यकर्ते करतात. पण प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, हे तरी तिथे कायद्यात आहे. आमच्या भावाच्या बाबतीत तो प्रश्नच अस्तित्वात नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : हा सगळा श्रीमंत देशांचा लाड आहे, आपल्याकडे संस्थाच कुठे आहेत, मिळाली तर नशीब समजा. या बोलण्यामागची वेदना आम्हाला कळते. अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, वाढवले, आणि अठरा वर्षांनंतरही या मुलांना हक्काचे छप्पर मिळाले पाहिजे ही मागणी लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी असे घर लागतेच. आमची मागणी त्याविरुद्ध जात नाही. कोणाला असे घर हवे आणि कोणाला फक्त दुपारचा चार तासांचा आधार पुरेल, हे आधी तपासा, एवढेच म्हणणे आहे. ज्याला गरज नाही त्याने जागा अडवली तर ज्याला गरज आहे तो बाहेरच राहतो.

दुसरा आक्षेप : आई मरणाच्या दारात असताना तुम्ही समित्या आणि फॉर्म घेऊन बसणार का? नाही. तातडीची वेळ असेल तर आधी आसरा द्या, मग ठरलेल्या मुदतीत तपासणी करा. अमेरिकेच्या नियमातही रुग्णालयातून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याला अशी सूट आहे. मावशींच्या वेळी तसे असते, तर त्यांचे हाड जुळेपर्यंत तीन-चार महिने सोय झाली असती आणि आज तो सतरंजी अंथरायला घरी असता.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : आंबेडकरी चळवळीपुढे आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती असे मोठे प्रश्न असताना हे कशाला? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ मध्येच देऊन ठेवले आहे. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांची भूमिका अशी होती की आईला त्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा. आईच्या अंगावर पडणारे ओझे ही तिची खाजगी बाब नाही, हा तो विचार. ३४ वर्षे कांड्या भरत एका मुलाला एकटीने सांभाळणाऱ्या मावशींचे ओझे मग कोणाचे? पैसेवाल्याच्या घरी अशा मुलासाठी दिवसरात्र पगारी बाई ठेवता येते. संस्थेच्या दारात नाइलाजाने जाते ते आपले माणूस. आणि संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण यांच्या बरोबरीने विकलांगता हा शब्द लिहिलेला आहे, तो आपण किती सभांमध्ये वाचून दाखवला?

आपल्या घरात पाहू

व्यवस्थेला जाब विचारताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण कर्म आणि पूर्वजन्माचे पाप सोडले असे म्हणतो. पण बौद्धिक अक्षम मूल जन्माला आले की आपल्याच वस्त्यांमध्ये "मागच्या जन्माचं काहीतरी" असे कुजबुजले जाते. बहिणीचे लग्न जमेपर्यंत भावाला आतल्या खोलीत ठेवले जाते. पाहुण्यांना मुलांची संख्या एक कमी सांगितली जाते. हे कोणत्या धम्मात बसते?

धम्मात एक गोष्ट आहे, चूळपंथकाची. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. त्याच्या सख्ख्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला संघातून निघून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला परत बोलावले. गाथा पाठ करण्याचा हट्ट सोडला आणि हातात एक स्वच्छ कापड दिले, हे चोळत बस म्हणाले. चोळता चोळता कापड मळले, आणि सगळे बदलते, काहीच तसेच राहत नाही, हे त्याला कळले. भावाने एकच चाचणी घेतली आणि बाहेर काढले. बुद्धांनी चाचणी बदलली. आम्ही चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगत नाही. मूल्यमापन कसे करावे, याचा आपल्या परंपरेतला हा धडा आहे.

आमच्या मागण्या

एक, कोणत्याही प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तीला निवासी संस्थेत ठेवण्याआधी जिल्हा पातळीवर स्वतंत्र मूल्यमापन झाले पाहिजे. तातडीच्या वेळी ते ३० दिवसांच्या आत व्हावे. त्यात संस्थेचा माणूस निर्णय घेणारा नसावा. दिव्यांग व्यक्ती, समाजकार्य शिकलेली व्यक्ती आणि मुली-बायकांच्या बाबतीत स्त्री सदस्य असलीच पाहिजे. मूल्यमापन त्याच्या घरी, त्याच्या बोलीत व्हावे, आणि त्याचे स्वतःचे म्हणणे, मग ते शब्दांत असो की खुणांत, अहवालात लिहिले जावे.

दोन, प्रत्येक अहवालात घरी राहण्यासाठी काय लागेल याचे उत्तर आधी लिहावे : दिवसाचे केंद्र, घरी येणारी मदतनीस, पेन्शन, काही दिवसांचा विसावा. संस्थेचा पर्याय त्यानंतर.

तीन, संस्थेत असलेल्या प्रत्येकाची दरवर्षी एकदा आणि घरची परिस्थिती बदलली की लगेच पुन्हा तपासणी व्हावी. चालू असलेली औषधे, वजन, अंगावरच्या खुणा, घरच्यांच्या भेटी पाहाव्यात आणि त्याच्याशी एकट्याशी बोलावे. सांगली जिल्ह्यातून बाहेरच्या जिल्ह्यात पाठवलेल्यांचीही नोंद सांगलीने ठेवावी.

चार, यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती आहेच. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने आदेश काढून हे काम तिच्याकडे द्यावे आणि त्यासाठी माणसे द्यावीत.

कार्यकर्त्यांनी उद्यापासून काय करायचे

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जिल्ह्यात कलम ५० खाली नोंदलेल्या निवासी संस्था किती, त्यात १८ वर्षांवरचे किती लोक आहेत, प्रत्येक जण किती वर्षांपासून आहे, शेवटची तपासणी कधी झाली, स्थानिक स्तर समितीच्या बैठका गेल्या तीन वर्षांत किती झाल्या. एवढे पाच प्रश्न पुरेत. उत्तरे आली नाहीत तर तेही छापा.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून विचारा की ती कशावर खर्च झाली. दरवर्षी वस्तू वाटून फोटो काढण्याऐवजी त्यातून दुपारचे केंद्र चालवता येईल का, हा ठराव मांडा.

वस्तीत अशी किती माणसे आहेत आणि त्यांच्या आईबापांचे वय काय, याची वही करा. आई ६५ ची आणि मुलगा ४० चा असेल, तर पडझड व्हायची वाट पाहू नका. आजच बसून ठरवा. कोणावर अत्याचार होत असल्याचे कळले तर २०१६ च्या कायद्याचे कलम ७ कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा अधिकार देते. नेमलेला पालक हेळसांड करत असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १७ खाली आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्याचा अर्ज करू शकतात. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आमच्या भावासाठी मावशींच्या अंगठ्यासह अर्ज आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे. मागणी साधी आहे : कोणीतरी जा आणि त्याला विचारा, तुला कुठे राहायचे आहे? पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही. थोरल्या भावालाही आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढे दोनच दारे होती आणि एक बंद होते. मात्र त्याने सही केली तशी सही मागे घेण्याची वाटही कुठेतरी असली पाहिजे, आणि ती भावाच्या मर्जीवर किंवा संस्थेच्या सोयीवर अवलंबून नको. तो हक्क असला पाहिजे.

पुढच्या १४ एप्रिलला मिरवणुकीत झेंडा कोणी धरायचा, यावर यंदा मंडळात चर्चा झाली नाही. जागा मोकळी ठेवली आहे.

जय भीम! जय संविधान!